सिंथचा खर्ज स्टेजवर: बेस कॅबिनेट कसं निवडायचं

अँपेग कंपनीचं आठ स्पीकरचं उभं कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेला डबा, बेस गिटारवाल्यांच्या जगात दैवत मानलं जातं. १९६९ साली एसव्हीटी अ‍ॅम्पसोबत दहा-इंची आठ स्पीकरची ही मांडणी आली आणि मोठ्या रॉक स्टेजवर ती अजूनही दिसते. तिच्या एसव्हीटी-८१०ई या मॉडेलचा कंपनीचा कागद उघडून पाहा: ५८ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५८ कंपनांच्या सुराला, आवाज ३ डेसिबलने उतरलेला, ४० हर्ट्झला १० डेसिबलने. बेस गिटारची सर्वात जाड तार सुटी छेडली की ४१ हर्ट्झचा सूर निघतो. या दैवताला तो सूर धड वाजवताच येत नाही, आणि तरी बेसवाले खूश आहेत.

ते खूश आहेत, कारण तारेच्या आवाजात ४१ हर्ट्झच्या मूळ सुरापेक्षा ८२ आणि १२३ हर्ट्झचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, बहुधा जास्त जोरकस असतात. ते कानावर पडले की मूळ सूर मेंदू स्वतःच भरून काढतो. सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरवर, हार्मोनिकने भरलेली सॉ वेव्ह घेऊन लो-पास फिल्टर (खालचे सूर जाऊ देणारा, वरचे अडवणारा) खाली ओढला की हेच वरचे हार्मोनिक छाटले जातात आणि जवळजवळ नुसता मूळ सूर उरतो. शिवाय छेडलेली तार विझत जाते. सिंथचा सूर बोट उचलेपर्यंत त्याच ताकदीने चालू राहतो. म्हणून बेस गिटारला झकास वाटणाऱ्या कॅबिनेटला सिंथ लावल्यावर खालच्या सुरांना फडफड ऐकू आली, तर दुरुस्तीवाल्याकडे धावू नका. ते या कामासाठी बांधलेलंच नसतं.

बँडमध्ये बेस गिटारऐवजी सिंथ वाजवणारे, ऑर्केस्ट्रात डाव्या हाताने बेस सांभाळणारे कीबोर्डवाले, ड्रम मशीन आणि मोनोसिंथ घेऊन दोघांतच कार्यक्रम उभा करणारे, अशांसाठी हे लिहितोय. दुकानात इंच आणि वॅट सांगितले जातात. आपण हर्ट्झ विचारायचे.

आधी स्वतःचे सूर मोजा

हे काम घरी बसून करायचं, पाकीट काढण्याच्या आधी. सेटमधले बेसचे सगळे पॅच, म्हणजे सिंथवर सेव्ह केलेले आवाज, एकेक करून काढा आणि प्रत्येकात खरोखर वाजणारा सर्वात खालचा सूर लिहून ठेवा. बोट कुठल्या पट्टीवर पडतं यावर जाऊ नका. ऑक्टेव्ह बटण, ऑसिलेटरची (मूळ सूर काढणाऱ्या भागाची) रेंज आणि त्याच्या खालच्या सप्तकात जोडीने वाजणारा सब-ऑसिलेटर हे तिन्ही मिळून सूर कुठे नेऊन ठेवतात, ते पाहा. नोव्हेशनच्या बेस स्टेशन टू वर सब-ऑसिलेटर एक किंवा दोन सप्तकं खाली लावता येतो. तुम्ही सी२ वाजवलात, म्हणजे ६५ हर्ट्झ. सब एक सप्तक खाली असेल तर ३३ हर्ट्झ, दोन सप्तकं खाली असेल तर १६. हा १६ हर्ट्झचा सूर माणसाच्या कानाला सूर म्हणून ऐकूच येत नाही, पण अ‍ॅम्पची ताकद खातो आणि स्पीकरचा कोन उगाच हलवत राहतो.

तुलनेसाठी एवढे आकडे डोक्यात असू द्या: चार तारांच्या बेस गिटारचा खालचा ई ४१ हर्ट्झ, पाच तारांवरचा बी ३१, कीबोर्डवरचा सी१ साधारण ३३ आणि पियानोचा अगदी डावीकडचा ए २७.५.

आता तेच पॅच ऑडिओ इंटरफेसमधून थेट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरमध्ये बघा. फोनच्या माइकवर विसंबू नका, त्याला हा भाग नीट पकडता येत नाही. मूळ सुराचा एकच सुळका दिसतो की त्याच्या मागे हार्मोनिकची रांग आहे? रांग असेल तर साध्या कॅबिनेटवरही तुमचं भागेल. एकटा सुळका असेल आणि तोही ४० हर्ट्झच्या खाली, तर खर्च वाढणार.

पण त्याआधी पॅचकडेच वळा, कारण माझ्या मते निम्मा प्रश्न इथेच सुटतो. सब-ऑसिलेटर थोडा कमी करा. फिल्टरच्या आधी किंवा नंतर जरासा ड्राइव्ह, म्हणजे मुद्दाम हलकी विकृती, द्या, म्हणजे दुसरा-तिसरा हार्मोनिक वर येईल आणि लहान स्पीकरवरही सूर ओळखू येईल. एन्व्हलपच्या (सुराच्या चढ-उताराच्या) सुरुवातीला फिल्टर क्षणभर उघडा, त्याने प्रत्येक सुराला टोक येतं. दोन ऑसिलेटर एकमेकांपासून किंचित सरकवलेले असतील तर खालच्या सप्तकात ते हळूहळू एकमेकांना भिडतात आणि सुटतात. हेडफोनवर हे गोड वाटतं, स्टेजवर बेस मध्येच गायब झाल्यासारखा होतो. घरी बेडरूममध्ये बांधलेला पॅच आणि ड्रमरच्या शेजारी वाजवायचा पॅच वेगळे सेव्ह करून ठेवणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

खाली उतरण्याची किंमत

एकच गोष्ट समजून घेतली की बाकीचं आपोआप उलगडतं. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल, तर कोनला चौपट मागे-पुढे व्हावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा कोन ४० हर्ट्झला चार मिलिमीटर हलेल आणि २० हर्ट्झला सोळा. कोनच्या या चालीला मर्यादा असते. ती ओलांडली की व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनला हलवणारी तारेची गुंडाळी, चुंबकाच्या पट्ट्याबाहेर जाते, आवाज फाटतो, आणि फारच ताणलं तर कॉइल मागे आपटते.

कॅबिनेटवर छापलेले वॅट मात्र बहुतेक वेळा उष्णतेची मर्यादा सांगतात: किती वॅटला कॉइल जळणार नाही. ४०० वॅटचा स्पीकर ३५ हर्ट्झच्या शुद्ध साइनला (हार्मोनिक नसलेल्या नुसत्या सुराला) त्याच्या बऱ्याच आधी चालीची मर्यादा गाठू शकतो. बेस गिटारवाल्याला हे क्वचितच जाणवतं. सिंथवाल्याला पहिल्याच गाण्यात.

बंद आणि पोर्टचं कॅबिनेट यांतला फरकही इथेच कळतो. पुढे किंवा मागे गोल भोक किंवा लांबट फट असेल तर ते पोर्टचं. पोर्ट एका ठराविक हर्ट्झला ट्यून केलेला असतो. त्या सुराच्या आसपास पोर्टच बराचसा आवाज काढतो आणि कोन जवळपास स्थिर राहतो, म्हणून आकाराच्या मानाने बेस भरपूर मिळतो. पण ट्यूनिंगच्या खाली गेलात की आतल्या हवेचा आधार सुटतो, कोन मोकाट हलायला लागतो आणि आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. बंद कॅबिनेटमध्ये उतार सौम्य, दर सप्तकाला १२ डेसिबल, आणि हवेची गादी कोनला शेवटपर्यंत आवरून धरते. ४५ किंवा ५० हर्ट्झला ट्यून केलेल्या पोर्टच्या बेस कॅबिनेटमध्ये ३३ हर्ट्झचा सी ढकलणं म्हणजे स्पीकर मारण्याची खात्रीशीर रीत. तिथे हाय-पास फिल्टर, म्हणजे ठराविक हर्ट्झच्या खालचं अडवणारा, हवाच.

तीन गोष्टी मात्र एकत्र मिळत नाहीत: खोल बेस, कमी वॅटमध्ये मोठा आवाज आणि लहान आकार. यांतल्या कुठल्याही दोन निवडा, तिसरी सोडा. हा नियम अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातला शेवटचा एच त्यांचाच. हातात मावणारं, हलकं, खोल आणि प्रचंड मोठा आवाज काढणारं कॅबिनेट कुणी विकत असेल, तर कागदावर काहीतरी लपलेलं आहे असं समजा.

कागदावरचे आकडे वाचताना

'४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' एवढंच लिहिलेलं असेल तर ते वाक्य निरुपयोगी आहे. किती डेसिबल उतरल्यावर ४०, हे हवं. उणे ३ चा आकडा प्रामाणिक, उणे १० चा आकडा आशावादी. क्यूएससीचा के१२.२ हा बारा-इंची पॉवर्ड (अ‍ॅम्प आतच असलेला) स्पीकर कागदावर उणे ६ ला ५० हर्ट्झ आणि उणे १० ला ४५ हर्ट्झ दाखवतो. दोन्ही खरे, पण जाहिरातीत कुठला मोठ्या अक्षरात येईल ते सांगायला नको. तुमचा सर्वात खालचा सूर उणे ३ किंवा फार तर उणे ६ च्या आकड्याशी ताडून बघा.

वॅटच्या बाबतीत 'पीक' आकडा सरळ बाजूला ठेवा. गाण्याच्या आवाजात क्षणभराचे सुळके असतात आणि सरासरी बरीच खाली असते. चौकोनी वेव्हमध्ये सुळका आणि सरासरी एकच. धरून ठेवलेला सिंथ बेस अ‍ॅम्पला आणि कॉइलला श्वास घ्यायला जागाच देत नाही, म्हणून सलग झेपणारे वॅट विचारा.

वॅटसोबत सेन्सिटिव्हिटीही विचारा, म्हणजे एक वॅटला एक मीटरवर किती डेसिबल. ९७ डेसिबलच्या कॅबिनेटला २५० वॅट आणि ९४ च्या कॅबिनेटला ५०० वॅट दिले, तर दोन्ही हिशेबाने १२१ डेसिबलवरच पोचतात. वॅट दुप्पट झाले की ३ डेसिबलच वाढतात. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. आणि सेन्सिटिव्हिटी सहसा मधल्या सुरांवर मोजलेली असते. ४० हर्ट्झला ती किती उरते हे तो आकडा सांगत नाही.

इंचांबद्दल थोडक्यात: पंधरा इंच म्हणजे खोल बेस, हा बाजारातला समज. खोली ठरते कोनची चाल, डब्याचं माप आणि ट्यूनिंग यांवर. चांगला बारा-इंची वाईट पंधरा-इंचीला सहज हरवतो.

कुठली वाट धरायची

बेस गिटारचं कॅबिनेट किंवा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात) आधीच घरात असेल, सूर ई१ च्या, म्हणजे ४१ हर्ट्झच्या, खाली जात नसतील आणि पॅचमध्ये हार्मोनिक भरपूर असतील, तर तेच वापरा. ३५-४० हर्ट्झचा हाय-पास लावा. एक अडचण वरच्या टोकाला येते. ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) नसलेली बेस कॅबिनेट चार-पाच किलोहर्ट्झला संपतात, त्यामुळे फिल्टरच्या रेझोनन्सची धार, नॉइज, सॉची चरचर हे सगळं मऊ पडतं. काहींना तो मऊपणाच आवडतो, आणि जुन्या पद्धतीच्या मोनोसिंथला तो शोभतोही. पण त्याच स्पीकरमधून पॅड, लीड, पियानो वाजवायचे असतील तर ही वाट नको.

कीबोर्ड अ‍ॅम्प, म्हणजे रोलँडच्या केसी मालिकेसारखे, सोयीचे असतात: तीन-चार वाद्यं एकदम लागतात, वेगळा मिक्सर लागत नाही. सरावाला उत्तम. मोठ्या ड्रमरसमोर सिंथ बेससाठी मी ते घेणार नाही. तेवढ्या वजनात चांगला पॉवर्ड पीए स्पीकर, म्हणजे कार्यक्रमात प्रेक्षकांसाठी लावतात तसला, येतो.

बहुतेक वाचकांसाठी माझं उत्तर तोच आहे: एक चांगला बारा किंवा पंधरा-इंची पॉवर्ड पीए स्पीकर. अ‍ॅम्प आतच, वरपासून खालपर्यंत सरळ आवाज, चालीला आवर घालणारा लिमिटर आणि हाय-पास आतच बसवलेले, आडवा टाकला तर मॉनिटर. कुठेही भाड्याने मिळतो, बिघडला तर दुसरा आणता येतो. बेस कॅबिनेटसारखा 'रंग' तो देत नाही, पण सिंथचा रंग सिंथमध्येच असतो.

३० ते ४० हर्ट्झचा नुसता मूळ सूर हाच तुमच्या संगीताचा गाभा असेल, डब किंवा टेक्नोच्या अंगाने जाणारं काही वाजवत असाल, तर मात्र सब, म्हणजे फक्त खालचे सूर काढणारा स्पीकर, लागतो. वर बाकीच्या सुरांचा टॉप, खाली बारा, पंधरा किंवा अठरा-इंची सब, दोघांची विभागणी ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास. इथे हिशेब वजनाचा आणि टेम्पोच्या भाड्याचा आहे. अठरा-इंची सब घेऊन कुणी लोकलने दादरला जात नाही. म्हणून सब विकत घेण्याआधी विचारा, की तुम्ही वाजवता त्या जागांवर साउंडवाल्याचे सब आधीच उभे असतात का. असतील तर खालचा भाग त्यांच्यावर सोपवा. स्टेजवरच्या स्पीकरचं काम तुम्हाला आणि ड्रमरला सूर नीट कळवण्यापुरतं राहतं, आणि त्याला बारा-इंची पुरतो.

दुकानात

स्वतःचा सिंथ, स्वतःच्या केबल, स्वतःचे पॅच घेऊन जा. दुकानातल्या वर्कस्टेशनवरचा चकचकीत पियानो ऐकून काहीच कळत नाही.

एक पॅच शुद्ध साइनचा ठेवा. सिंथला साइन ऑसिलेटर नसेल तर फिल्टरचा रेझोनन्स पूर्ण वाढवा. बहुतेक अ‍ॅनालॉग फिल्टर स्वतःच साइनच्या जवळचा सूर काढू लागतात. सी३ पासून एकेक सूर खाली उतरत या, आवाज न हलवता. कुठल्या सुराला ताकद अचानक कमी होते ते टिपा. मधलाच एखादा सूर इतरांपेक्षा फुगत असेल तर कॅबिनेट किंवा खोली घुमतेय; स्पीकर दुसऱ्या जागी ठेवून पुन्हा ऐका, फुगवटा जागेबरोबर बदलला तर दोष खोलीचा. पोर्टजवळ हात धरा, 'फस्स फस्स' वारा ऐकू येतो का ते बघा. खाली जाताना साइनचा गोल आवाज कुरकुरीत होऊ लागला, तर तुम्ही मूळ सूर नाही, विकृतीतून आलेले हार्मोनिक ऐकताय. या फसवणुकीत भलेभले सापडतात, कारण सूर ओळखू येत राहतो आणि बेस भरपूर आहे असंच वाटतं.

हीच परीक्षा दोन आवाजांवर घ्या, हळू आणि स्टेजवर वाजवाल तेवढा. पॉवर्ड स्पीकरमधला लिमिटर आवाज वाढला की आधी खालचे सूर दाबतो. हळू आवाजात भव्य वाटणारा स्पीकर मोठ्या आवाजात बारीक होतो, तो यामुळे. दुकानाची लहान खोली आणि कोपरा बेस फुगवून दाखवतात, तेव्हा स्पीकर भिंतीपासून दूर ओढून ऐका. लग्नाच्या लॉनवर किंवा गोव्यातल्या उघड्या शॅकमध्ये भिंती मदतीला येत नाहीत. सगळ्यात उत्तम म्हणजे ते मॉडेल एका संध्याकाळपुरतं भाड्याने आणून ड्रमरसोबत रिहर्सल करायची. भाड्याचे पैसे वाया जात नाहीत.

जुना माल घेत असाल तर स्पीकर बंद ठेवून कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान, हलका दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. कडेची घडी तडकलेली नाही ना, स्पीकर मूळचाच आहे की नंतर बदललेला, हे मागचं झाकण उघडून बघू द्या म्हणावं. कोकण-गोव्याकडचा माल असेल तर जाळी, स्क्रू आणि सॉकेटमधला गंज तपासा.

जोडणी

सिंथचा आउटपुट लाइन लेव्हलचा असतो, बेस गिटारपेक्षा कितीतरी जोरकस. बेस अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटला लावताना पॅडचं, म्हणजे येणारा आवाज कमी करणारं, बटण दाबा किंवा सिंथ मागच्या इफेक्ट रिटर्नमध्ये लावा. पॉवर्ड स्पीकरवर स्विच माइकवर नाही, लाइनवर हवा. स्टिरिओ सिंथ एकाच कॅबिनेटला द्यायचा असेल तर 'लेफ्ट/मोनो' असं लिहिलेल्या जॅकमधून द्या आणि स्टिरिओ कोरस बंद करून ऐका. डावं-उजवं एकत्र झाल्यावर काही कोरस खालचे सूर पुसून टाकतात.

अ‍ॅम्प आणि कॅबिनेट वेगळे असतील तर मध्ये स्पीकर केबलच वापरा, गिटारची केबल नाही. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात. अ‍ॅम्पला तेवढं चालतं का ते मागे लिहिलेलं असतं. अ‍ॅम्पचा स्पीकर आउट पॉवर्ड स्पीकरच्या इनपुटला कधीही लावू नका. लॅपटॉप चार्जरमुळे गुणगुण येत असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय (सिंथ आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा डबा) घेऊन त्याचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नल केबलचं ग्राउंड तोडणारं बटण, दाबा. प्लगची अर्थची पिन काढणारे महाभाग अजून भेटतात. तसं करू नका, माणूस मरतो.

स्टेजवर कुठे ठेवायचं

बेससाठी स्पीकर स्टँडवर चढवू नका. जमिनीवर ठेवला की जमीन खालच्या सुरांना आधार देते. मागच्या भिंतीचा हिशेब थोडा चकवणारा आहे. ४१ हर्ट्झची लाट ८ मीटरहून लांब असते, ती स्पीकरच्या मागेही पसरते आणि भिंतीवरून परत येते. स्पीकर भिंतीपासून दीड मीटरवर असेल तर परतलेली लाट ५७ हर्ट्झच्या आसपास समोरच्या लाटेला खोडते. एक मीटरवर असेल तर खड्डा ८६ हर्ट्झजवळ पडतो. म्हणजे 'जरा पुढे घेऊ या, मोकळा वाटेल' हे नेमकं बेसच्या मुळावर येतं. भिंतीला जवळपास टेकवा, फार तर अर्धा मीटर. मग खड्डा १७० हर्ट्झच्या वर सरकतो आणि भिंत खाली मदतच करते.

मंडपवाल्यांनी फळ्यांवर उभारलेलं पोकळ स्टेज स्वतःच घुमतं. स्पीकरखाली जाड फोम किंवा रबरी चटई टाका. टर्नटेबल आणि उघडे माइक दूर ठेवा.

साउंडवाल्याला लाइन द्याल ती तुमच्या अ‍ॅम्पच्या ईक्यूच्या (बेस-ट्रेबलच्या बटणांच्या) आधीची द्या, म्हणजे स्टेजवर तुम्ही काहीही फिरवलंत तरी हॉलमधला आवाज बदलणार नाही. साउंडचेकला एकच लांब खालचा सूर धरा आणि त्याला तुमच्या चॅनेलची पोलॅरिटी (लाटेची दिशा) उलटसुलट करून बघायला सांगा. ज्या स्थितीत स्टेजवर बेस भरीव वाटतो ती ठेवा, मात्र समोर प्रेक्षकांत उभं राहूनही कुणीतरी ऐकायला हवं. आणि मिक्सरवर तुमच्या चॅनेलचं लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारं, बटण दाबलेलं नाही ना, हे स्वतः जाऊन बघा. बऱ्याच मिक्सरवर ते ७५ ते १०० हर्ट्झला पक्कं बसवलेलं असतं आणि कीबोर्डचा चॅनेल म्हटला की काही जण ते सवयीनेच दाबतात.